डोमा मिस्त्रीचं नाव लिलावात

नमूद करण्यात येते की, श्री. डोमा नत्थू वासनिक, वय अदमासे चोपन्न, राहणार मुरमाडी, तालुका लाखनी, जिल्हा भंडारा, हे राष्ट्रीय महामार्गालगत जड वाहनांच्या निलंबन प्रणालीची देखभाल व दुरुस्ती करणारी एकल मालकीची सेवा-आस्थापना चालवितात. आस्थापनेस भिंती तीन असून चौथ्या बाजूस महामार्ग आहे. फलक : नाही. डिजिटल अस्तित्व : नगण्य. ग्राहक समाधान : मोजण्यात आलेले नाही. तक्रार निवारण यंत्रणा : मालक स्वतः, उच्च स्वरात. मालकाचा स्वभाव : रकाना अपुरा.

यातला निम्मा मजकूर भंडाऱ्याच्या एका जाहिरात एजन्सीचा आहे. 'निलंबन' हा शब्द त्यांचाच. ट्रकच्या सस्पेन्शनला मराठीत काय म्हणतात हे त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं आणि कॉम्प्युटरने सरकारी खात्यात विचारलं असावं.

साध्या भाषेत सांगायचं तर डोमा ट्रकचे पाटे बसवतो. ट्रकमधल्या मालाचं वजन चाकांवर जाण्याआधी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीवर येतं. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. तुमसर-गोंदियाच्या मिलमधून निघणारा तांदूळ आणि रायपूरहून येणारं लोखंड कागदावर लिहिलंय तेवढंच गाडीत असतं, असं कागद लिहिणारे मानतात. पाटे मानत नाहीत. ते तुटतात. लाखनीच्या आसपास तुटले की ड्रायव्हर डोमाला बोलावतात.

डोमा येतो तो आधी बोलतो, मग वाकतो.

"माल किती भरला बे? गाडी का तुया बापाच्या घरी बनली? आन् हा पाटा कोनं लावला? लोहारानं का न्हाव्यानं?"

ड्रायव्हर मुकाट ऐकून घेतात. शिव्या मजुरीतच धरलेल्या असतात, हे त्यांना ठाऊक आहे. पंचवीसेक वर्षांत त्या शिव्यांचीच जाहिरात झाली. दुर्गपासून नागपूरपर्यंतच्या ढाब्यांवर नव्या ड्रायव्हरला जुना ड्रायव्हर सांगायचा, "लाखनी में पाटा टूटे तो डोमा को बुलाना. गाली देगा, पर पाटा दुबारा नहीं टूटेगा." याहून नेमकं वाक्य कोणत्याही एजन्सीला सुचलेलं नाही. दुकानापुढच्या कडुलिंबाला एक तुटका पाटा टांगलेला होता, तोच बोर्ड.

मग उड्डाणपूल झाला. ट्रक वरून जाऊ लागले, दुकान खाली राहिलं. वरून जाणाऱ्याला लाखनी म्हणजे एक पाण्याची टाकी आणि काही गच्च्या, त्यावर वाळत घातलेली लुगडी. कडुलिंब दिसतो, पण तो वरून, आणि वरून सगळे कडुलिंब सारखेच. तेव्हा ड्रायव्हर करणार काय? मोबाईल काढायचा आणि नाव टाकायचं : डोमा मिस्त्री लाखनी. इथपर्यंत कोणाचंच काही चुकलेलं नाही.

चुकलं ते बाबूलाल साहू खाली उतरून आला तेव्हा कळलं. बाबूलाल राजनांदगावचा, डोमाचं जुनं गिऱ्हाईक. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी त्याने गाडी पुलाखाली लावली आणि केबिनमधूनच सुरू झाला.

"मिस्त्री! बुढ़ापे में ये धंदा चालू किये क्या?"

"कोनता धंदा?"

"पुराना पाटा रंग मार के लगाने का!"

डोमाशी या आवाजात आजवर कोणी बोललेलं नव्हतं. तो आवाज डोमाचा स्वतःचा होता.

बाबूलालची हकिकत अशी. होळीच्या आधी लाखनीच्या पुढे त्याचा पाटा तुटला. त्याने मोबाईलवर डोमाचं नाव टाकलं, फोनचं चिन्ह दाबलं. एक माणूस मोटरसायकलवर आला. "डोमा मिस्त्री ने भेजा है," म्हणाला. पाटा लावून, तिप्पट पैसे घेऊन गेला. तो पाटा देवरीच्या पुढच्या उतारावर तुटला. गाडी तांदळासकट कलंडली. क्लीनरचा हात मोडला.

"मालिक बोला, तेरा डोमा-फोमा आज से बंद. अपनी गाड़ी पे वो नाम नहीं चाहिए. मैंने आपके नाम पे लगाया था, मिस्त्री. आपके नाम पे."

"मी कोनालेच पाठवलं नाई."

"नाम तो आपका ही था!"

"दाखव तुया मोबाईल."

बाबूलालने दाखवला. सगळ्यात वर ठळक अक्षरांत होतं : डोमा मिस्त्री, लाखनी. चोवीस तास. आत्ता फोन करा. त्याच्या डोक्यावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'प्रायोजित' असं होतं. ते वाचायला चष्मा लागतो, आणि पाटा तुटलेल्या माणसाकडे चष्मा काढायला वेळ नसतो. बोट दोनदा वर सरकवल्यावर खाली एक कडुलिंबाचा अंधुक फोटो आणि डोमाचा खरा नंबर होता. तो कधीतरी एखाद्या ड्रायव्हरनेच टाकलेला.

डोमाने आपल्या बटनांच्या फोनवरून वरचा नंबर लावला. स्पीकर चालू ठेवला.

"नमस्कार, डोमा मिस्त्री सर्विस में आपका स्वागत है. आपकी गाड़ी कहाँ खड़ी है?"

"गाडी नाई. मी डोमा बोलून राहिलो."

"जी, डोमा जी. गाड़ी कौन सी है, सर?"

"अवं बाई, मी डोमा मिस्त्री! लाखनीचा! मीच तो!"

"जी सर, आपको डोमा मिस्त्री से ही कनेक्ट कर रहे हैं. लाइन पे बने रहिए."

मग बासरी वाजू लागली. डोमा फोन तोंडापुढे धरून स्वतःशी जोडलं जाण्याची वाट पाहत उभा राहिला. बाबूलालचा राग बासरीपर्यंत टिकला, मग त्याला हसू आलं. ते डोमाने पाहिलं. क्लीनरच्या हाताचं ऐकल्यावर जे झालं नव्हतं ते त्या हसण्याने झालं. त्याने हातातला पाना कडुलिंबावर फेकून मारला.

"निघ तू. तुया मालकाले सांग, डोमानं पाटा लावला असता तं गाडी पडली नसती. अन् सांग, हे कोन करून राहिला ते डोमा पाह्यते."

इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. डोमाला काम कमी पडत नव्हतं. मिलवाले होते, गावातले ट्रॅक्टर होते, पोट भरत होतं. त्याला छळत होतं ते वेगळंच. ज्याने डोमाला बोलावलं त्याच्याकडे डोमाच जायला हवा. एवढीच मागणी. ती इतकी साधी आहे की ती कोणाकडे करायची हेच कोणाला ठाऊक नव्हतं. एका वकिलाने विचारलं, "नाव रजिस्टर आहे का?"

"बापानं ठेवलं."

"बापानं कुठं रजिस्टर केलं?"

वकिलाने सांगितलं की असा दावा करता येतो, पण तो चालवायला डोमाला जितकं आयुष्य लागेल तितकं डोमाकडे असेलच असं नाही.

मग भंडाऱ्याचा धर्मेंद्र. मोबाईलच्या दुकानावर माडी, माडीवर काचेचं दार, दारावर 'डिजिटल सोल्युशन्स'. धर्मेंद्र वाईट मुलगा नव्हता. या सगळ्या व्यवस्थेत त्याला काही विचित्र वाटत नव्हतं, एवढंच. तसं न वाटण्याचं शिक्षण त्याने फी भरून घेतलं होतं.

"काका, सोपं आहे. कोणी तुमचं नाव टाकलं की मागे लिलाव होतो. पापणी लवायच्या आत. ज्याची बोली भारी, तो वर."

"कायचा लिलाव?"

"तुमच्या नावाचा."

"माह्या नावाचा लिलाव झाला अन् मलेच कोनी बोलावलं नाई?"

"आता बोलावतो आहे ना, काका. तुम्ही तुमच्या नावावर बोली लावा. कोणी दाबलं तरच पैसे कटतात. नाही दाबलं तर एक रुपया नाही."

डोमाने बोटांवर हिशेब करून पाहिला.

"म्हंजे मले शोधनाऱ्यानं मलेच शोधलं, तं पैसे मी देऊ?"

"बरोबर. त्यालाच पे पर क्लिक म्हणतात."

"आमच्याकडं त्याले दुसरं म्हन्तेत," डोमा म्हणाला, आणि काय म्हणतात तेही सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हेडफोन लावले.

तरी त्याने होकार दिला. रागाच्या भरात माणूस दार लाथेने उघडतो. हे दार पैशाने उघडत होतं, म्हणून पैसे दिले. दिवसाला ठरावीक रक्कम. ती संपली की त्या दिवसापुरती जाहिरात झोपते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठते. हे धर्मेंद्रने सांगितलं होतं. डोमाने ऐकलं नव्हतं, कारण तेव्हा तो 'निलंबन' या शब्दावरून भांडत होता.

जाहिरात लागली त्या सकाळी कुंताबाईंनी, म्हणजे डोमाच्या बायकोने, आपल्या मोबाईलवर नाव टाकून पाहिलं.

"अहो! तुमी वर हाव! एकदम वरतं!"

त्यांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर रोज सकाळी जयभीम येतं, मग कमळाच्या फुलासकट बुद्धाचा फोटो, मग कोणाच्या तरी नातवाचा. त्या दिवसापासून चौथ्या क्रमांकावर 'दाबलं' हा शब्द येऊ लागला. 'मी पन दाबलं.' 'आमच्या घरून तिघांचं झालं.'

हे का झालं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. या घरांमध्ये एक रीत आहे. आपल्या माणसाने दुकान टाकलं की आपण जायचं, आणि रिकाम्या हाताने परत यायचं नाही. कुंताबाईंच्या चुलतभावाने चपलांचं दुकान काढलं तेव्हा पाहुण्यांनी आपल्या मापाच्या नसलेल्या चपला नेल्या होत्या. एकाने लाकडी पाय असलेल्या काकासाठी जोड नेला, पूर्ण जोड. डोमाच्या बाबतीत मात्र सगळ्यांची पंचाईत होती. ट्रकचा पाटा नेऊन घरात करायचं काय? पंचवीस वर्षांची हजेरी थकली होती. जाहिरातीने ती लावायची सोय झाली. दाबायचं. फुकट आहे. आपला माणूस वर जातो.

सगळ्यात जोरात लागला तो विनोद. कुंताबाईंचा धाकटा भाऊ, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरीला. भंडाऱ्याहून कारखान्याच्या बसने जातो. कारखान्यात मोबाईल नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. त्यामुळे जे काय दाबायचं ते गेटच्या आत पाऊल पडण्याआधी. विनोद बसमध्ये पुढे उभा राहायचा.

"चला, काढा मोबाईल! आमच्या भाऊजीचं दाबा! डोमा मिस्त्री लाखनी, सगळ्यात वरचं. अबे बोरकर, तुयं झालं का?"

"काल दाबलं ना बे."

"रोजचं रोज रायते! आंघोळ काल केली म्हनून आज नाई करत का?"

डोमाला कधी न पाहिलेली माणसं दाबत होती. एकाने विनोदला विचारलं, भाऊजी कोणत्या वॉर्डातून उभे आहेत? बसमध्ये झालं की बपेऱ्याला. मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं ते कुंताबाईंचं माहेर. तिथल्या बचत गटातल्या बायका चहाबरोबर उरकून घ्यायच्या. निराळ्या फोनवरून, निराळ्या माणसाने, दिवसातून एकदा. खोटं दाबणं पकडणाऱ्या मशीनला संशय यायला काही कारणच नव्हतं. एवढी शिस्तबद्ध माणसं तिने पाहिली नसतील.

पाटे मात्र दुपारच्या उन्हात तुटतात. डांबर तापतं, टायर फुगतो, गाडी खड्ड्यात आदळते. ड्रायव्हर नाव टाकतो. तोवर डोमाची जाहिरात केव्हाच झोपलेली असायची आणि वर ती दुसरी जाहिरात बासरी वाजवत बसलेली. डोमाला हे कळायला मार्ग नव्हता, कारण कुंताबाई रोज सकाळी पाहून सांगायच्या, "हाव वरच." आणि खात्री करायला त्याही एकदा दाबायच्या.

महिनाभरात जाहिरातीवरून एक फोन आला. तो कुंताबाईंच्या मावशीचा होता. लागतो का ते पाहायला केला होता.

धर्मेंद्र रिपोर्ट घेऊन स्वतः लाखनीला आला, पेढ्याचा डबा घेऊन. इतका आनंद त्याला स्वतःच्या साखरपुड्यातही झाला नसेल.

"काका, असा प्रतिसाद जिल्ह्यात कोणाला नाही! हा ग्राफ बघा."

ग्राफ सकाळी टेकडीसारखा चढत होता आणि मग धानाच्या बांधीसारखा सपाट.

"हे सपाट काय हाय?"

"तिथे दिवसाचं बजेट संपतं."

"किती वाजता?"

"नऊ-साडेनऊ. म्हणजे बघा डिमांड!"

"अन् मंग?"

"मग दुसऱ्यांची दिसते."

डोमाचा आवाज खाली गेला. त्याला ओळखणारे अशा वेळी दोन पावलं मागे सरकतात. धर्मेंद्र ओळखत नव्हता. त्याने नकाशाही दाखवला. नकाशावर जवाहरनगरवर ताटलीएवढा ठिपका होता आणि बपेऱ्यावर वाटीएवढा. महामार्गावर काहीच नव्हतं.

"जवाहरनगरात ट्रक कोनाजवळ हाय बे?"

धर्मेंद्रने तांत्रिक उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण डोमा त्याला विचारतच नव्हता, तो कुंताबाईंकडे पाहत होता. कुंताबाई चहाच्या गाळणीकडे पाहत होत्या.

रविवारी विनोदला बोलावलं. तो हसतच आला.

"विन्या, तू माही जाहिरात दाबतं?"

"रोज! सुट्टीले बी. आज तं घरचे सगळे..."

"कायले?"

"कायले म्हंजे? तुमाले वर आनाले! भाऊजी, अख्खी बस दाबून राहिली. एक जन सोडला नाई म्या."

"अबे, एकेका दाबण्याचे पैसे कटतेत! माहे! तुमचं दाबून झालं का दुकान बंद, अन् दिवसभर त्या चोट्ट्याचं चालू! तुमी मले वर नाई आनलं बे, रोज सकाळी गाडलं!"

"पन दाबलं का वर जाते ना सगळं? गान्याच्या स्पर्धेत जाते. मतदानात जाते."

"हे काई मतदान हाय का!"

"ओरडता कोनावर?" कुंताबाई मध्ये पडल्या. "माया केली तेनं."

"मायेचं बिल आलं ना घरी!"

या वाक्याचं उत्तर असायला हवं होतं. डोमाकडे किंवा विनोदकडे नव्हे, ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांच्याकडे. जगातल्या प्रत्येक बाजारात आपल्या माणसाच्या दुकानात डोकावणं फुकट असतं. इथे डोकावणाऱ्याच्या प्रत्येक नजरेला भाडं लागतं, ते दुकानदार भरतो, आणि चोराकडे कोणी प्रेमाने डोकावत नसल्यामुळे चोराचा खर्च कमी येतो. हे कोणी ठरवून, बसून, कॉफी पीत केलेलं आहे. त्यांना झोप चांगली लागत असेल.

विनोद म्हणाला, "मंग आता त्याईचं दाबतो. बस हायच. दुपारपर्यंत त्याईचं खल्लास."

डोमाने नकारार्थी मान हलवली. सद्गुणापोटी नव्हे. "त्याईचे पैसे जातीन. पन गाडीवर तं त्याईचाच डोमा येईन ना? मले तो डोमा पाह्यचा हाय. दाबायचं तं मी दाबतो, अन् बोलावतोच."

बाबूलालला त्याने निरोप दिला. मालकाची मनाई असूनही बाबूलाल आला. नागपूरहून परतताना गाडी पुलाखाली कडुलिंबाजवळ लावली. न तुटलेला पाटा तुटल्याचं खोटं सांगायची गरज पडली नाही. बाबूलालच्या गाडीत एक तुटायला आलेला पाटा कायम असतो.

डोमाने कुंताबाईंचा मोबाईल घेतला. अंगठा दाबला, काही झालं नाही. पुन्हा दाबला. पंचवीस वर्षांचं ग्रीस आणि घट्टे बसलेला अंगठा त्या काचेला अंगठाच वाटत नव्हता. शेवटी कुंताबाईंनी दाबलं. बाबूलालने पत्ता सांगितला : लाखनी, पुलाखाली, कडुलिंबाजवळ.

तास-दीड तासाने एक माणूस आला. चाळिशीचा, थकलेला. मोटरसायकलच्या मागे दोरीने पाटा बांधलेला, काळा कुळकुळीत, रंगाचा वास दहा हातांवरून येणारा. अंगात लाल टी-शर्ट. पाठीवर छापलेलं : डोमा मिस्त्री.

"कोन तुमी?" डोमाने विचारलं.

"डोमा मिस्त्री."

"कुठचे?"

"इथलाच. लाखनीचा."

"लाखनीत कुठं रायता?"

माणसाने इकडेतिकडे पाहिलं. "हे काय, बाजूलेच."

बाजूला म्हणजे डोमाच्या दुकानात. विनोद सुट्टी घेऊन आला होता. त्याच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. डोमाने पुढे होऊन मोटरसायकलवरचा पाटा सोडवला, छिन्नी घेतली आणि रंग खरवडला. रंगाखाली केसाएवढी चीर होती, आरपार. त्याने तो बाबूलालच्या हातात दिला. बाबूलालने चिरेवरून बोट फिरवलं आणि माणसाची कॉलर धरली.

"मेरे क्लीनर का हाथ टूटा है इससे!"

"मले काय मालूम दादा! कंपनी देते पाटे! मी तं फक्त लावतो! आधी मी साबन विकत होतो!"

"सोड त्याले," डोमा म्हणाला. मग त्या माणसाला, "नाव काय तुयं? खरं?"

"ईश्वर."

"मंग डोमा काहून सांगतं?"

"पदच ते हाय ना, काका. देवरीले डोमा एक, साकोलीले डोमा दोन. मी भंडाऱ्याकडचा, डोमा तीन. मले तिकून इतक्या दूर यावं लागते, काऊन का लाखनीची जागा खाली हाय." त्याला बोलून बरं वाटत असावं. "साहेब म्हन्ते, डोमा ब्रँड हाय, मानूस नाई."

"मानूस असन तं?"

"असता तं कंपनीनं कामाले नसता घेतला का?"

पुलावरून एक लांब ट्रेलर गेला.

"शर्ट काढ," डोमा म्हणाला.

"काका, ऊन..."

"काढ."

ईश्वरने काढला. फाटक्या बनियनवर तो उभा राहिला, आणि कुंताबाईंनी न विचारता त्याला पाण्याचा तांब्या दिला. डोमाने लाल शर्ट हाताने फाडायला घेतला. कापड चिवट होतं, फाटेना. मग डोमाने त्या शर्टाला हाताचं ग्रीस पुसलं.

डोमाने आपल्या हाताने बाबूलालच्या गाडीला पाटा घातला, आणि घालताना त्याला, त्याच्या मालकाला आणि माल भरणाऱ्या मिलवाल्याला पिढीवार शिव्या दिल्या. बाबूलाल पाय पसरून ऐकत होता. गाडी चालू करताना म्हणाला,

"मिस्त्री, मेरे को तो पता चल गया. मालिक को भी बता दूँगा. बाकी लोगों को कौन बताएगा?"

संध्याकाळी त्याने धर्मेंद्रला फोन करून जाहिरात बंद करायला सांगितली. विनोदला काहीही दाबायची मनाई झाली. बसमध्ये आता काय दाबतात ते कोणी विचारलेलं नाही.

आठवड्याने त्या बासरीवाल्या नंबरवरून फोन आला. या वेळी बाई नव्हती, साहेब होते. आवाज मऊ.

"वासनिक जी, सुना है आपको इस लाइन का अनुभव है. हमारी लाखनी की पोझिशन वेकंट है. आप डोमा बनेंगे?"

"मी डोमाच हाव."

"एक्सलंट! फिर तो ट्रेनिंग की ज़रूरत नहीं. बस एक पेपर साइन करना होगा, कि कंपनी के बाहर आप ये नाम इस्तेमाल नहीं करेंगे."

यावर डोमा जे बोलला ते मुरमाडीच्या चौकापर्यंत ऐकू गेलं. ते छापता येत नाही, आणि छापलं तरी छापील अक्षरात ते तेवढं उंच होणार नाही. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. अशा फोनची ध्वनिफीत ठेवतात.

दोन दिवसांनी कुंताबाईंच्या मोबाईलवर संदेश आला : 'महोदय, लाखनी क्षेत्रातील डोमा (सेवा भागीदार) या पदासाठी आपल्या उमेदवारीचा विचार करण्यात आला. संवादकौशल्य व ब्रँडशी सुसंगत वर्तणूक या निकषांवर आपण सदर पदास अपात्र आढळला आहात. लाखनी क्षेत्र पुढील व्यवस्थेपर्यंत लगतच्या क्षेत्रास जोडण्यात येत आहे. आपल्या स्वारस्याबद्दल आभार.'

पुलावर पाटा तुटून कोणी डोमाचं नाव टाकलं, तर आता फोन साकोलीला, डोमा दोनकडे वाजतो.